रक्तवाहिन्या शिवणारे डॉक्टर

फ्रान्स देशातील लिआँ हे शहर रेशमी कापडासाठी फार पूर्वीपासून प्रसिद्ध आहे. या शहराजवळच्या एका गावी २८ जून १८७३ रोजी अॅलेक्सिस कॅरेल यांचा जन्म झाला. मेंदूच्या एका दुर्मीळ विकारावर आज लहान मुलांची जी शस्त्रक्रिया करतात, तिचा पाया याच कॅरेल यांनी घातला. त्यांच्या वडिलांचा कापडाचा व्यवसाय होता. कॅरेल लहान असतानाच वडील वारले आणि आईने मुलांना वाढवले.

कॅरेल लिआँमध्ये वैद्यकीय शिक्षण घेत होते, तेव्हाची गोष्ट. १८९४ साली फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष सादी कार्नो लिआँला आले असता एका मारेकऱ्याने त्यांना सुऱ्याने भोसकले. यकृताकडे जाणारी मोठी रक्तवाहिनी कापली गेली. नामांकित शस्त्रवैद्य धावून आले. पण कापलेली रक्तवाहिनी सांधण्याची खात्रीची रीत कोणाजवळच नव्हती. कार्नो वाचले नाहीत. ही गोष्ट तरुण कॅरेल यांच्या मनाला लागून राहिली.

रक्तवाहिनी शिवणे हे काही सदऱ्याला बटण लावण्यासारखे नाही. ती मऊ, ओली आणि निसरडी असते. जाड सुई टोचली तर भोकातून रक्त झिरपते. टाका ओबडधोबड पडला तर आत रक्त गोठते आणि वाटच बंद होते. तेव्हा कॅरेल यांनी काय केले? ते लिआँमधील एका नावाजलेल्या कशिदाकाम करणाऱ्या बाईंकडे शिकायला गेले! तुमच्यापैकी ज्यांच्या घरी कशिद्याचे किंवा जरीचे काम चालते, त्यांना बारीक सुईने नाजूक टाका घालायला हात किती स्थिर लागतो, हे सांगायला नको.

१९०२ साली कॅरेल यांनी आपली रीत प्रसिद्ध केली. रक्तवाहिनीची दोन टोके जवळ आणायची आणि सारख्या अंतरावर तीन टाके घालायचे. हे टाके तीन दिशांना ताणले की गोल तोंड त्रिकोणी होते. मग त्रिकोणाची एकेक सरळ बाजू शिवत जायची. त्यामुळे पलीकडची बाजू चुकून टाक्यात सापडत नाही. युक्ती साधी आहे, पण ती सुचायला कॅरेलच यावे लागले.

१९०४ मध्ये त्यांनी फ्रान्स सोडले. पुढे ते न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत काम करू लागले. १९०८ साली तेथील एका शस्त्रवैद्याच्या अवघ्या काही दिवसांच्या मुलीला रक्तस्राव सुरू झाला. तो थांबेना. रात्रीच कॅरेल यांना बोलावणे गेले. त्यांनी वडिलांच्या मनगटातील रक्तवाहिनी मुलीच्या पायातील शिरेला जोडली. मुलीची शीर किती नाजूक असेल, याची कल्पना करा! वडिलांचे रक्त तिच्या अंगात वाहू लागले. पांढरीफटक पडलेली मुलगी हळूहळू गुलाबी दिसू लागली आणि वाचली. १९१२ साली कॅरेल यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

एवढा मोठा माणूस, पण त्याचे सगळेच विचार मोठे नव्हते. १९३५ सालच्या आपल्या पुस्तकात त्यांनी घोर गुन्हेगारांना विषारी वायूने मारावे असे सुचवले. माणसांत श्रेष्ठ आणि हीन असा भेदही त्यांनी मानला. मरणाच्या दारातून बालकाला परत आणणाऱ्या हातांनी असे लिहावे, याचे वाईट वाटते. ५ नोव्हेंबर १९४४ रोजी पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले. पुढे या विचारांमुळेच फ्रान्समधील अनेक रस्त्यांना दिलेले त्यांचे नाव काढून टाकण्यात आले.

त्यांची शिवण मात्र टिकली. १९६७ साली झुरिच येथे गाझी याशारगिल या तुर्की शस्त्रवैद्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली डोक्याच्या कातडीतील रक्तवाहिनी मेंदूवरच्या रक्तवाहिनीला जोडली. हीच शस्त्रक्रिया पुढे मोयामोया झालेल्या मुलांच्या उपयोगी पडली.

मोयामोया हा जपानी शब्द आहे. या विकारात मेंदूला रक्त पुरवणाऱ्या मुख्य रक्तवाहिन्या कवटीच्या आत हळूहळू अरुंद होत जातात. मग रक्त मिळवण्यासाठी मेंदूच्या तळाशी अगदी बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे पसरते. क्षकिरण चित्रात ते धुराच्या लोटासारखे दिसते, म्हणून १९६९ साली जपानी डॉक्टरांनी हे नाव दिले. असे मूल जोराने रडले किंवा गरम जेवणावर फुंकर मारू लागले, की थोडा वेळ त्याचा हात लुळा पडू शकतो. जोरजोराने श्वास घेतल्याने रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात.

अरुंद झालेली वाट पुन्हा रुंद करणारे औषध नाही. म्हणून दुसरी वाट काढावी लागते. कानाच्या पुढे बोट ठेवा. तेथे ठोका लागतो ना? तीच रक्तवाहिनी कवटीला खिडकी पाडून आत नेतात आणि मेंदूवरच्या जेमतेम एक मिलिमीटर जाडीच्या रक्तवाहिनीला शिवतात. धागा केसाहूनही बारीक असतो. फार लहान मुलांत मात्र तेवढीही जाडी मिळत नाही. अशा वेळी ती रक्तवाहिनी न कापता मेंदूच्या पृष्ठभागावर नुसती बसवून ठेवतात. काही महिन्यांत तिच्यापासून नव्या फांद्या फुटून मेंदूत शिरतात. त्यानंतर चित्र काढले, की पुष्कळदा तो धूर विरळ झालेला दिसतो.