दौलतसिंह कोठारी : शिक्षकांचा विचार करणारे शास्त्रज्ञ

वाचकहो, बी.एड.च्या परीक्षेला बसलेल्या प्रत्येकाने कोठारी आयोग पाठ केलेला असतो. परंतु हे कोठारी मुळात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते, हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे?

दौलतसिंह कोठारी यांचा जन्म 6 जुलै 1906 रोजी उदयपूर येथे एका शिक्षकाच्या घरी झाला. अलाहाबादला मेघनाद साहा यांच्या हाताखाली ते शिकले. पुढे केंब्रिजला रदरफर्ड यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी संशोधन केले. 1934 मध्ये ते दिल्ली विद्यापीठात रुजू झाले. श्वेतबटू ताऱ्यांवरील त्यांच्या कामाने नाव मिळवले. 1948 मध्ये ते संरक्षण खात्याचे वैज्ञानिक सल्लागार झाले आणि 1961 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष.

1964 मध्ये शिक्षण आयोगाची धुरा त्यांच्याकडे आली. सदस्य-सचिव होते कोल्हापूर जिल्ह्याचे सुपुत्र जे. पी. नाईक. 1966 च्या अहवालाने शिक्षक-प्रशिक्षणाचे दुखणे नेमके सांगितले. प्रशिक्षण महाविद्यालये विद्यापीठांपासून, शाळांपासून आणि एकमेकांपासूनही तुटलेली होती. विषयज्ञान, अध्यापनशास्त्र आणि संशोधन यांची सांगड घालावी, हा आयोगाचा आग्रह होता.

याचा अर्थ वर्गात पाहा. वर फेकलेला चेंडू सर्वांत उंच बिंदूवर क्षणभर थांबतो, तेव्हा त्यावर बलच नसते, असे पुष्कळ विद्यार्थी मानतात. वस्तुतः गुरुत्वाकर्षण तेथेही असतेच. अनेक देशांतील संशोधनात ही समजूत पदवीधरांतही आढळली. ती ज्याला ठाऊक नाही, तो भावी शिक्षक व्याख्या फळ्यावर लिहून मोकळा होतो. ज्याला ठाऊक आहे, तो आधी मुलांचा अंदाज विचारतो आणि मगच चेंडू फेकतो. अमेरिकेत लिलियन मॅकडरमॉट यांनी अशाच संशोधनावर शिक्षकांचे प्रशिक्षण उभारले. आपल्याकडे टाटा मूलभूत संशोधन संस्थेने 1974 मध्ये मुंबईत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू केले.

आपल्या खालापूर तालुक्यात तर खोपोलीचे वीजकेंद्र 1915 पासून घाटावरच्या पाण्यावर चालते. त्या पाण्यातली वीज काढून घेतात का, असे मुलांना विचारून पाहा. उत्तरे चुकली तरी रागावू नका. ती नीट टिपून ठेवा. उद्याचा पाठ त्यांतूनच तयार होईल.

4 फेब्रुवारी 1993 रोजी कोठारी यांचे निधन झाले. त्यांचा अहवाल परीक्षेपुरता वाचून आपण कपाटात ठेवतो. खरे तर तो वर्गात उघडायचा आहे, आणि ते काम, वाचकहो, तुमचे-आमचे आहे.