बालगंधर्वांसाठी सुई बदला

जळगावात राहत असाल तर बालगंधर्व हे नाव तुम्ही हजार वेळा वाचलंय. खुल्या नाट्यगृहाच्या पाटीवर वाचलंय, दर जानेवारीतल्या संगीत महोत्सवाच्या बॅनरवर वाचलंय. पण त्यांचा आवाज ऐकलाय का? खरं सांगा. ऐकला असेल तर तो असा: मेहरूण तलावाच्या काठावर चार जण बसलेत, कुणीतरी मोबाइलवर जुनं नाट्यगीत लावलं. आधी कढईत काहीतरी तळल्यासारखी खरखर, मग त्यातून एक बारीक, नाकातला वाटणारा आवाज. कुणीतरी हसलं. दहा सेकंदांत पुढचं रील.

हसणाऱ्याची फारशी चूक नाही. त्याने जे ऐकलं त्यात बालगंधर्व थोडे होते आणि चुकीची सुई, चुकीचा वेग जास्त होता. सध्या तुमच्यापैकी काही जणांच्या घरी टर्नटेबल आलंय, हेही मला माहीत आहे. काहींनी तर चांगलं महागातलं घेतलंय आणि आता पुढे काय अपग्रेड करायचं यावर चर्चा चालू असते. केबल बदलू की अ‍ॅम्प्लिफायर? मी म्हणेन, थोडं थांबा. आधी या माणसाची गोष्ट वाचा, मग खर्च करा.

नाव नारायण श्रीपाद राजहंस. जन्म 26 जून 1888 चा. मूळ गाव सांगली जिल्ह्यातलं नागठाणे. पोरगा लहानपणापासून गायचा. पुण्यात लोकमान्य टिळकांनी त्याचं गाणं ऐकलं आणि त्याला बालगंधर्व म्हटलं, ते नाव आयुष्यभर चिकटलं. हे सगळ्यांना पाठ असतं. आपल्याकडच्या बऱ्याच जणांना ठाऊक नसतं ते वेगळंच. हा मुलगा शिकायला जळगावात नात्यातल्या घरी राहिला होता, आणि गाण्याचे सुरुवातीचे धडे त्याने इथेच मेहबूबखाँ यांच्याकडे घेतले. म्हणजे नाट्यगृहाला दिलेलं नाव उसनं नाही. तो आवाज घडायला लागला तो आपल्या गावात. पुढची खरी तालीम भास्करबुवा बखल्यांची.

या मुलाच्या कानाचं दुखणं होतं, ऐकायला कमी यायचं. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी त्याचं गाणं ऐकलं आणि मिरजेच्या दवाखान्यात उपचाराची सोय करून दिली. किर्लोस्कर नाटक मंडळीला तेव्हा स्त्री भूमिका करणाऱ्या गायक नटाची गरज होतीच, कारण भाऊराव कोल्हटकर 1901 मध्ये गेले होते. 1905 मध्ये नारायण किर्लोस्कर मंडळीत आला आणि शकुंतला म्हणून उभा राहिला. सतरा वर्षांचा. तुमच्यातले काही जण या वयात बारावीला असतात.

आता जरा मशीनकडे येऊ.

त्याच काळात भारतात तबकड्या नव्या होत्या. 1902 मध्ये ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गेसबर्ग कलकत्त्यात आला आणि गौहर जानचं गाणं भरलं गेलं. 1908 पासून कलकत्त्यातच सियालदहला तबकड्या तयार व्हायला लागल्या. त्या प्लास्टिकच्या नव्हत्या. लाखेच्या, म्हणजे झाडावरच्या किड्यापासून मिळते त्या लाखेच्या. 1925 च्या सुमारास मायक्रोफोन आला, त्याआधी गायकाला एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गावं लागायचं. कर्णा खर्जातलं फारसं पकडायचा नाही आणि वरचं बारीक कामही त्यातून निसटायचं. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन, फार तर साडेतीन मिनिटं मिळत.

हे बालगंधर्वांच्या बाबतीत फार अन्यायाचं झालं असं मला वाटतं. त्यांची नाटकं रात्र रात्र चालायची. एकेका पदाला वन्समोअर मिळायचे, आणि प्रत्येक वेळी तीच ओळ ते नव्या वळणाने घ्यायचे. ते सगळं तीन मिनिटांत कोंबायचं. रंगमंचावरचे बालगंधर्व ऐकलेली माणसं आता फारशी उरलेली नाहीत. आपल्या हातात तबकडीच आहे, आणि ती आपण धड वाजवतही नाही.

12 मार्च 1911 ला मुंबईत 'मानापमान'चा पहिला प्रयोग होता. त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी वारली. प्रयोग रद्द करायचा का, असं विचारलं गेलं. त्यांनी तो केला, भामिनी म्हणून उभे राहिले, गायले. ही गोष्ट कर्तव्याचं उदाहरण म्हणून भाषणांत सांगतात. मला ती तशी सांगवत नाही. घरी बसलेल्या त्या मुलीच्या आईचं काय झालं असेल, हे भाषणांत कुणी विचारत नाही.

1913 मध्ये गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्याबरोबर त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. 1916 चं 'स्वयंवर', 1919 चं 'एकच प्याला', 1920 चं 'द्रौपदी'. रुक्मिणी, सिंधू, द्रौपदी. त्यांची साडी नेसायची पद्धत, दागिने, केसांतली फुलं घराघरांतल्या बायका उचलायच्या. आजच्या भाषेत तगडा इन्फ्लुएन्सर, फरक इतकाच की हा पुरुष होता. 8 जुलै 1921 ला केशवराव भोसल्यांबरोबर मुंबईत संयुक्त मानापमान झाला, तो टिळक स्वराज्य फंडासाठी.

पैसा आला तसा गेला. पण कशावर गेला ते बघा, कारण टर्नटेबलवाल्यांनी इथून शिकण्यासारखं आहे. साथीवर गेला. तबल्याला अहमदजान थिरकवाँ, सारंगीला कादरबक्ष, अशी माणसं त्यांनी नाटक कंपनीत नोकरीला ठेवली. पडदे खरे, शालू खरे, अत्तर खरं. पुढे कंपनी त्यांच्या एकट्याकडे आली आणि तिच्यासोबत कर्जही. ते त्यांनी नाटकं करून फेडलं, आणि मग पुन्हा केलं! हिशेब हा त्यांचा प्रांतच नव्हता. पण आवाजाच्या वाटेवरचा एकही दुवा कच्चा ठेवायचा नाही, ही बुद्धी त्यांना होती.

आपण नेमकं उलटं करतो. चाळीस हजारांचं मशीन घेतो आणि त्यावर आजोबांच्या ट्रंकेतली लाखेची तबकडी एलपीच्या सुईने वाजवतो. एलपीची साधी गोल सुई टोकाला साधारण 15 ते 18 मायक्रॉनची असते. जुन्या 78 च्या तबकडीची खाच त्याहून कितीतरी रुंद, तिला साधारण 65 ते 75 मायक्रॉनची सुई लागते. बारीक सुई खाचेच्या तळाशी जाते. तळाशी काय असतं? शंभर वर्षांची धूळ. गाणं असतं खाचेच्या भिंतींवर. तलावावर ऐकलेली ती तळण बरीचशी इथूनच येते. तेव्हा पहिला अपग्रेड हाच: 78 साठीची वेगळी सुई. बऱ्याच कार्ट्रिजना ती नुसती ओढून बदलता येते. तिला वजनही जास्त लागतं, एलपीला दीड-दोन ग्रॅम तर हिला तीन ते पाच. सुईसोबत आलेला कागद वाचा, छोटा डिजिटल वजनकाटा घ्या, अंदाजाने ठेवू नका.

मग वेग. विकत घेण्याआधी बघा, कितीतरी चांगल्या मशीनवर 33 आणि 45 एवढंच असतं, 78 नसतोच. असला तरी तपासा. 77 रेघांची स्ट्रोब चकती छापून घ्या आणि आपल्या 50 हर्ट्झच्या विजेवर लुकलुकणाऱ्या जुन्या दिव्याखाली फिरवा. रेघा उभ्या दिसल्या की वेग 77.92, म्हणजे बरोबर. एलईडीखाली हा खेळ बहुतेक फसतो. आणि एवढं करूनही संपत नाही, कारण सुरुवातीच्या तबकड्या सगळ्या 78 वर भरलेल्या नसायच्या. समजा एखादी 73.6 वर भरलीय आणि तुम्ही 78 वर लावलीत, तर गाणं अख्खा अर्धा स्वर वर चढतं आणि तालही घाईत पळतो. तो नाकातला, पोरकट आवाज आठवला? म्हणून पिच कंट्रोल असलेलं मशीन घ्या. ऑर्गनचा स्वर घरातल्या पेटीशी जुळवा, मग हळूहळू खाली आणत गळा माणसाचा वाटेपर्यंत ऐका. हे काम कानाचंच आहे.

तिसरी गोष्ट फुकटची. त्या तबकड्या मोनो आहेत. स्टिरिओ कार्ट्रिज सुईची वरखाली हालचालही पकडतं, आणि त्यात गाणं नसतं, नुसता गोंगाट असतो. अ‍ॅम्प्लिफायरवर मोनोचं बटण असेल तर दाबा. नसेल तर रेकॉर्ड करून कॉम्प्युटरवर दोन्ही चॅनेल एकत्र करा. फरक लगेच कळतो. हां, आणि लाखेची तबकडी स्पिरिटने किंवा सॅनिटायझरने पुसू नका, लाख विरघळते. मे महिन्यातल्या आपल्या उन्हाळ्यात गच्चीवरच्या खोलीत तर अजिबात ठेवू नका. उभी ठेवा, सावलीत ठेवा.

पुढचं आयुष्य थोडक्यात सांगतो, कारण ते वाचायला सोपं नाही. बोलपट आले आणि नाटक कंपन्या बसल्या. 1935 मध्ये शांतारामांच्या 'धर्मात्मा'त ते संत एकनाथ झाले, म्हणजे पडद्यावर पुरुष. कॅमेऱ्यासमोर ते रमले नाहीत, परत रंगमंचावर आले. गोहरबाई कर्नाटकी या स्वतः उत्तम गायिका. त्यांच्या सोबतीवरून मराठी समाजाने दोघांना बरंच ऐकवलं. त्यात कलेची काळजी किती आणि गोहरबाईंच्या धर्माची अढी किती, हे तुम्हीच ठरवा. शेवटी पायांनी साथ सोडली. ज्या माणसाच्या चालण्यावर लोक जीव टाकायचे त्याला उचलून बसवावं लागायचं. 1955 मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, 1964 मध्ये पद्मभूषण. पुण्यातल्या ज्या रंगमंदिराला त्यांचं नाव आहे त्याची कोनशिला 1962 मध्ये त्यांच्याच हातून बसली, पण उद्घाटन त्यांनी पाहिलं नाही. 15 जुलै 1967 ला ते गेले, रंगमंदिर 1968 मध्ये उघडलं.

म्हातारपणातली त्यांची ध्वनिमुद्रणंही आहेत. थकलेला गळा, मोडलेला दम. त्यांपासून सुरुवात करू नका. 'स्वयंवर'च्या पदांची जुनी तबकडी कुणाकडे मिळते का बघा. जळगावच्या जुन्या घरांत, माळ्यावर, विचारलं तर निघतात. वाकडी असेल तर जोर लावून सरळ करू नका, फुटते. आधी कोमट पाण्यात जरासा साबण घालून मऊ फडक्याने हलकेच पुसा, लेबल भिजू देऊ नका, पूर्ण वाळू द्या.

मग मोठी सुई, जास्त वजन, मोनो. पहिल्यांदा ऑर्गन ऐकू येईल. त्याच्या मागे, नीट कान दिला तर, सारंगी. गळा आला की पिचचा खटका थोडा खाली घ्या, अजून थोडा. साडेतीन मिनिटांच्या आत सुई उचलायला हात तयार ठेवा, कारण या तबकड्या संपल्यावर बरीच मशीन आपोआप थांबत नाहीत.