वाऱ्याची वीज करणारा मास्तर

हॉस्टेलची लाईट नेमकी सबमिशनच्या आदल्या रात्रीच का जाते, ह्यावर अजून कुणी संशोधन केलेलं नाही. पण मित्रांनो, वारा पडल्यावर दिवा कसा लावायचा, ह्या प्रश्नापायी काचा फोडून घेणारा एक मास्तर डेन्मार्कमध्ये होऊन गेला. पॉल ला कूर.

जन्म १८४६ चा. शिक्षण हवामानशास्त्राचं. १८७२ मध्ये डेन्मार्कची हवामान संस्था निघाली, तेव्हा ते तिथे उपसंचालक झाले. मग तारायंत्राचं वेड लागलं. एकाच तारेवरून अनेक संदेश पाठवण्यासाठी त्यांनी १८७५ मध्ये ट्यूनिंग फोर्कच्या तालावर अचूक फिरणारं दातेरी चाक बनवलं. नाव झालं. आणि १८७८ मध्ये गडी राजधानीतली नोकरी सोडून आस्कोव्ह नावाच्या खेड्यात शिकवायला गेला! शाळा खेड्यातल्या तरुणांसाठीची. परीक्षा नाही, डिग्री नाही. (आपल्यातल्या निम्म्यांनी लगेच ॲडमिशन घेतली असती.)

वीज शहरात आली, खेडी अंधारातच राहणार, हे त्यांना पटेना. खेड्यात फुकट काय, तर वारा. १८९१ मध्ये सरकारी मदतीने त्यांनी शाळेजवळ पवनचक्की उभारून तिला डायनामो जोडला. पण वारा कधी सुसाट, कधी मेल्यासारखा. त्यावर त्यांनी पट्टे, पुली आणि वजनं वापरून एक साधी युक्ती केली. जोर जास्त झाला की पट्टा घसरतो आणि डायनामो एकसारखा फिरत राहतो. त्याचं नाव क्रॅटोस्टॅट. ना सेन्सर, ना चिप! मला तर त्यांचं हेच काम सगळ्यात भारी वाटतं.

राहिला प्रश्न साठवणुकीचा. बॅटऱ्या महाग, म्हणून त्यांनी विजेने पाण्याचं विघटन करून हायड्रोजन टाकीत भरला. १८९५ पासून सात वर्षं शाळेचे दिवे त्या गॅसवर जळले. हायड्रोजनमध्ये थोडा जरी ऑक्सिजन मिसळला की धडाम! खिडक्यांच्या काचा अनेकदा बदलाव्या लागल्या. शेवटी १९०२ मध्ये ते मुकाट्याने बॅटरीकडेच वळले. आज ग्रीन हायड्रोजनवर सेमिनार देणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं.

दरम्यान वाऱ्याच्या बोगद्यात प्रयोग करून, विजेसाठी कमी पात्यांची, वेगात फिरणारी चक्की बरी, हेही त्यांनी दाखवून दिलं. पण नुसती चक्की देऊन काय उपयोग? बिघडली तर दुरुस्त कोण करणार? म्हणून १९०४ पासून त्यांनी खेड्यातल्या पोरांना वायरमन बनवणारे वर्ग सुरू केले.

१९०८ मध्ये ला कूर वारले. पहिल्या महायुद्धात तेल मिळेनासं झालं, तेव्हा ह्याच पवनचक्क्या गावांच्या कामी आल्या. आणि १९०४ च्या त्या वर्गातला योहानेस यूल नावाचा पोरगा पुढे इंजिनीअर झाला. त्याने १९५७ मध्ये गेडसर इथे तीन पात्यांची, २०० किलोवॅटची पवनचक्की उभारून थेट ग्रिडला जोडली.