बंगळूरचे शहाजीराजे

आपण मराठी मंडळी नोकरीधंद्याच्या निमित्ताने या शहरी आलो, अशी आपली साधारण समजूत असते. वस्तुतः बंगळुराशी मराठीचे नाते पावणेचारशे वर्षांहून जुने आहे, आणि ते जोडले शहाजीराजे भोसल्यांनी.

वेरूळच्या मालोजीराजांचा हा पुत्र. १६२४ च्या भातवडीच्या युद्धात त्यांचा पराक्रम दख्खनला दिसला. पुढे बुडती निजामशाही सावरण्यासाठी एका अल्पवयीन वारसाला गादीवर बसवून त्यांनी तीन वर्षे मोगलांशी झुंज दिली. १६३६ साली माहुलीला शरण जावे लागले, तेव्हा ते आदिलशाहीच्या चाकरीत आले आणि त्यांची रवानगी कर्नाटकात झाली. मुलूख सुटलेल्या सरदाराला हा वनवासच वाटला असता.

१६३८ मध्ये रणदुल्लाखानाच्या स्वारीत त्यांनी केंपेगौडांच्या वंशजांकडून बंगळूर जिंकले. पराभूत गौडा मागडीस गेले. बंगळूर शहाजीराजांना जहागीर म्हणून मिळाले व त्यांनी येथेच बिऱ्हाड थाटले. जिंकलेला गाव लुटून निघून जाणारे सरदार त्या काळी थोडे नव्हते; राजांनी मात्र येथे दरबार भरविला. त्या दरबारी जयराम पिंड्ये या कवीने राधामाधवविलासचंपू रचला. हे काव्य इतिहासाचार्य राजवाडे यांनी १९२२ मध्ये प्रसिद्ध केले, म्हणून आज त्या दरबाराचे बहुभाषी वैभव आपल्याला कळते. जिजाबाई व बाल शिवाजीही काही काळ येथे येऊन राहिले होते.

सुख मात्र अखंड लाभले नाही. १६४८ मध्ये जिंजीजवळच्या छावणीत बाजी घोरपड्यांनी त्यांना कैद केले. सुटकेसाठी शिवाजीराजांना कोंडाणा सोडावा लागला. पुढे थोरला पुत्र संभाजी कनकगिरीच्या वेढ्यात पडला. पुत्राच्या स्वराज्याचा उदय दुरून पाहायचा आणि स्वतः विजापूरची चाकरी करायची, ही ओढाताण किती कठीण असेल! इतिहासकार त्यांना केवळ शिवाजीराजांचे पिता म्हणून ओळखतात, हे आम्हांस अन्यायाचे वाटते.

१६६४ च्या जानेवारीत चन्नगिरीजवळ होदिगेरे येथे शिकारीत घोडा अडखळला आणि राजे गतप्राण झाले. त्यांची समाधी तेथेच आहे. त्यांचे पुत्र एकोजी यांचा १६६९ चा दानलेख मल्लेश्वरच्या काडू मल्लेश्वर देवळात आहे. बनशंकरीहून बसने तासाभराची वाट. सवड काढून एकदा मुलांना घेऊन जावे.