डॉलरच्या चिन्हामागचा माणूस

इंजिनीअरिंग किंवा कॉम्प्युटर सायन्सला असाल, तर ८०८६ चा पहिला असेम्ब्ली प्रोग्रॅम आठवा. मेसेजच्या शेवटी डॉलरचं चिन्ह टाकायचं. विसरलात की स्क्रीनभर कचरा! पण डॉलरच का? हे शोधत गेलात, तर तुम्ही गॅरी किल्डालपाशी पोहोचता.

गॅरीचा जन्म १९४२ चा, अमेरिकेतल्या सिएटलचा. वडिलांची नौकानयन शिकवणारी शाळा होती, तिथे त्यानेही शिकवलं. १९७२ मध्ये पीएचडी झाली. कॅलिफोर्नियात माँटेरीला नौदलाच्या पोस्टग्रॅज्युएट स्कूलमध्ये तो शिकवत असे. इंटेलच्या छोट्या चिपने त्याला वेड लावलं. १९७४ मध्ये त्याने सीपी/एम ही ऑपरेटिंग सिस्टीम तयार केली. मग पत्नी डोरोथीसोबत डिजिटल रिसर्च ही कंपनी काढली.

तेव्हा प्रत्येक कंपनीचं मशीन वेगळं, डिस्क वेगळी. प्रोग्रॅम थेट हार्डवेअरला हात घालायचा, म्हणजे मशीन बदललं की सगळं पुन्हा लिहा. गॅरीने मशीनपुरता बदलणारा कोड एका छोट्या भागात बाजूला काढला. त्याचं नाव बायोस. हो, तुमच्या पीसीतला तोच शब्द! बाकी प्रोग्रॅमसाठी नियम साधा: स्वतः घुसायचं नाही, सिस्टीमला सांगायचं. सी रजिस्टरमध्ये कामाचा नंबर, डीई मध्ये मजकुराचा पत्ता, आणि मेमरीतल्या ५ नंबरच्या पत्त्यावर कॉल. काम नंबर ९ म्हणजे डॉलर येईपर्यंत मजकूर दाखव. हा नियम पाळणारा प्रोग्रॅम अनेक कंपन्यांच्या मशीनवर चालू लागला.

१९८० मध्ये आयबीएम आपल्या पीसीसाठी ऑपरेटिंग सिस्टीम शोधत आलं, पण गॅरीशी करार जमला नाही. मायक्रोसॉफ्टने टिम पॅटरसनने लिहिलेली, सीपी/एमच्या वळणाची सिस्टीम घेतली. तीच पुढे डॉस झाली. नंतर आयबीएमने गॅरीचीही सिस्टीम विकायला ठेवली, पण २४० डॉलरला. डॉस मात्र ४० डॉलरला! गिऱ्हाईक कुठे गेलं, हे सांगायला नको.

११ जुलै १९९४ ला, अवघ्या ५२ व्या वर्षी गॅरी गेला.

पण डॉसमध्येही ९ नंबरचं काम तेच राहिलं, डॉलरसकट. तेव्हा पुढच्या प्रॅक्टिकलला ते चिन्ह टाकताना त्याची आठवण काढा. पैसा आणि नाव दुसरीकडे गेलं, तरी त्याची शिस्त अजून तुमच्या जर्नलमध्ये आहे.