रावळगावच्या गोळीमागचे वालचंद

रोआल्ड डाल यांच्या १९६४ च्या ‘चार्ली अँड द चॉकलेट फॅक्टरी’ या बालकादंबरीत चॉकलेटची नदी वाहणारा एक अद्भुत कारखाना आहे. मराठी मुलखात त्याच्या बावीस वर्षे आधी, १९४२ मध्ये, गोड गोळ्यांचा एक खराखुरा कारखाना सुरू झाला होता. नाशिक जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातील रावळगावचा हा कारखाना काढणारे शेठ वालचंद हिराचंद हे खाऊचे व्यापारी नव्हते. जहाजे, विमाने आणि मोटारी या देशातच बनाव्यात, या ध्यासाने त्यांनी आयुष्य वेचले.

२३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात, सावकारी आणि कापसाचा व्यापार करणाऱ्या दोशी या जैन कुटुंबात त्यांचा जन्म झाला. मुंबई-पुण्यात शिक्षण घेऊनही पदवी न मिळवता ते घरी परतले. मात्र पेढीवरच्या व्यवहारात त्यांचे मन रमले नाही. रेल्वेतील माजी कारकून लक्ष्मणराव फाटक यांच्या भागीदारीत त्यांनी रेल्वेची कंत्राटे घेतली. पुढे बोरघाटातील बोगद्यांच्या कामाने त्यांचे नाव झाले.

पहिल्या महायुद्धानंतर त्यांनी सहकाऱ्यांसह ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांचे ‘लॉयल्टी’ हे जहाज विकत घेतले आणि सिंदिया कंपनी स्थापली. ५ एप्रिल १९१९ रोजी ते जहाज मुंबईहून लंडनकडे निघाले. तोच दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. ब्रिटिश कंपन्यांनी भाडे पाडून सिंदियाची कोंडी केली, तरी वालचंद मागे हटले नाहीत.

रावळगावची जमीन त्यांनी घेतली तेव्हा ती खडकाळ, पडीक होती. ती लागवडीखाली आणून तिथे ऊस उभा करण्यात आला. १९३२ च्या कायद्याने देशी साखरेला संरक्षण मिळाले आणि पुढच्याच वर्षी रावळगावची साखर कंपनी स्थापन झाली. याच दशकात तेलंगणात बोधनला निजामांचा साखर कारखाना निघाला. कच्ची साखर विकून न थांबता तिचा पक्का माल करावा, हा रावळगावच्या गोळ्यांमागचा हिशेब होता. साखर आणि ग्लुकोजचा पाक पाणी जवळजवळ उडेपर्यंत आटवायचा, गरम असतानाच त्यात रंग-स्वाद घालायचा आणि साच्यातून गोळ्या पाडायच्या, एवढीच ती जादू. मराठी बोलण्यात, मग ते मालेगावचे असो वा आदिलाबादचे, कडक गोळीलाही सर्रास चॉकलेटच म्हटले जाते.

याच काळात त्यांच्या मोठ्या स्वप्नांचे काय झाले? १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या साह्याने त्यांनी बंगळुरूला विमान कारखाना काढला. १९४२ मध्ये सरकारने तो ताब्यात घेतला. विशाखापट्टणमला १९४१ मध्ये जहाजबांधणीचा पाया घातला गेला. तिथे बांधलेले ‘जलउषा’ १९४८ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरले. १९५२ मध्ये या कारखान्याचीही मालकी मुख्यतः सरकारकडे गेली. १९४४ मध्ये सुरू केलेली प्रीमियर ही मोटार कंपनी मात्र पुढे अनेक दशके फियाट रस्त्यावर आणत राहिली. आजारपणामुळे कारभारातून निवृत्त झालेल्या वालचंदांचे ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातेत सिद्धपूर येथे निधन झाले.

विमाने आणि जहाजे राष्ट्राच्या मालकीची झाली आणि त्यांच्यावरून वालचंदांचे नाव हळूहळू पुसले गेले. गोळीवर तर ते कधी नव्हतेच; तिच्यावर होते गावाचे नाव. ‘पान पसंद’ आणि ‘मँगो मूड’ यांसारख्या गोळ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या मुलांच्या मुठी भरल्या. २०२४ मध्ये ही नाममुद्रा २७ कोटी रुपयांना रिलायन्स समूहाकडे गेली. मालक बदलले, तरी एका पडीक माळाचे नाव अजूनही वेष्टनावर आहे. कथेतल्या कारखान्याला लेखकाची कल्पना पुरते. रावळगावला मात्र आधी जमीन नांगरावी लागली होती.