दापोडीच्या बंगल्याचा धनी : सर जॉन माल्कम

पेशवाईच्या अखेरच्या काळात पुण्याच्या वेशीबाहेर, दापोडी येथे एका इंग्रज अधिकाऱ्याने बंगला बांधला. हा अधिकारी पेशव्यांच्या पगारावर होता. त्याच्याच पलटणीने पुढे पेशव्यांवर तोफा डागल्या, आणि अकरा वर्षांनी तो बंगला सरकारसाठी विकत घेतला तो पेशव्यांची शरणागती स्वीकारणाऱ्या माणसाने. पिंपरी-चिंचवडच्या हद्दीतील या वास्तूशी मराठी सत्तेच्या अस्ताची कहाणी अशी दोन्ही टोकांनी जोडली गेली आहे.

सर जॉन माल्कम यांचे नाव महाराष्ट्रात मुख्यतः महाबळेश्वरच्या माल्कमपेठेमुळे परिचित आहे. त्यांचा जन्म २ मे १७६९ रोजी स्कॉटलंडच्या दक्षिण सरहद्दीवरील डम्फ्रीसशायर परगण्यात, एस्क नदीकाठच्या बर्नफूट येथे झाला. वडील दुसऱ्याची जमीन खंडाने कसणारे शेतकरी. घरात सतरा मुले आणि व्यवहारात खोट आलेली. अशा कुटुंबातील मुलांनी लहान वयातच नशीब काढण्यासाठी बाहेर पडावे, हे ठरलेलेच होते. जॉन अवघ्या तेराव्या वर्षी ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांपुढे उभा राहिला. हैदरअलीची गाठ पडली तर काय करशील, असे त्याला विचारण्यात आले. तलवार उपसून त्याचे मुंडके उडवीन, असे उत्तर त्याने दिले आणि त्याची निवड झाली, अशी आख्यायिका आहे. १७८३ मध्ये तो मद्रासला पोहोचला.

शरीराने धिप्पाड, स्वभावाने मोकळा, शिकारीचा आणि गप्पांचा षौकीन असा हा तरुण केवळ तलवारीवर विसंबून राहिला नाही. त्याने फारसी भाषा आत्मसात केली, आणि त्या काळी हिंदुस्थानातील दरबारांचे दरवाजे फारसीनेच उघडत. गव्हर्नर जनरल वेलस्लीने त्याला इराणच्या शहाकडे वकील म्हणून पाठविले. पुढे त्याने इराणचा इतिहासही लिहिला. १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीच्या फौजेबरोबर तो पुण्यात आला. वसईचा तह करून इंग्रजांच्या आश्रयाला गेलेल्या दुसऱ्या बाजीरावाला पुन्हा गादीवर बसविण्यासाठी ही फौज आली होती. याच बाजीरावाशी त्याचा संबंध पुढे दोन निर्णायक प्रसंगी आला.

पेशव्यांची पलटण, इंग्रज सेनानी

वसईच्या तहानंतर काही वर्षांनी पेशव्यांसाठी कवायती पायदळाची स्वतंत्र पलटण उभारण्यात आली. तिचा खर्च पेशव्यांचा, पण तिचे नेतृत्व मात्र मद्रासच्या फौजेतील कॅप्टन जॉन फोर्ड याच्याकडे होते. तिची छावणी पवना आणि मुळा या नद्यांच्या संगमाजवळ, दापोडीला पडली. तेथेच फोर्डने आपला बंगला उभारला. पेशव्यांचे सरदार मोरोपंत दीक्षित यांच्याशी त्याचा घनिष्ठ स्नेह जमला.

१८१७ च्या जूनमध्ये रेसिडेंट एल्फिन्स्टनने बाजीरावावर अपमानास्पद तह लादला. त्यानंतर ऑगस्टमध्ये माल्कम सातारा जवळच्या माहुली येथे बाजीरावाला भेटला. बाजीरावाने आपली कैफियत इतक्या आर्जवाने मांडली, की त्याच्या निष्ठेविषयी माल्कमची खात्री पटली. पेंढाऱ्यांच्या बंदोबस्तात इंग्रजांना मदत व्हावी म्हणून पेशव्याने फौज वाढवावी, असे त्याने सुचविले. एल्फिन्स्टनला हा विश्वास अनाठायी वाटत होता. पुढे तेच खरे ठरले. वाढविलेली फौज तीन महिन्यांत इंग्रजांवरच चालून गेली. माणसे ओळखण्यात तरबेज म्हणून नावाजलेल्या मुत्सद्द्याची ही मोठी चूक होती.

युद्ध अटळ दिसू लागल्यावर दापोडीत दोन मित्रांची बोलणी झाली. आपण आपल्या देशबांधवांच्याच बाजूने उभे राहणार, हे फोर्डने स्पष्ट केले. तेव्हा दोघांपैकी ज्याची बाजू जिंकेल त्याने दुसऱ्याच्या कुटुंबाचा सांभाळ करावा, असे त्यांनी एकमेकांना वचन दिल्याचे इतिहासकार ग्रँट डफने नमूद केले आहे. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीच्या मैदानावर तोंड लागले. फोर्डची पलटण दापोडीहून नदी ओलांडून इंग्रजी फौजेला मिळाली. सुमारे २,८०० इंग्रजी शिपायांसमोर पेशव्यांचे सैन्य त्याच्या कितीतरी पट होते. मोरोपंत दीक्षित घोडदळ घेऊन फोर्डच्या पलटणीवर तुटून पडले. त्याच पलटणीच्या तोफेचा गोळा लागून ते धारातीर्थी पडले. ज्या तोफखान्याचा पगार पेशव्यांच्या खजिन्यातून निघत होता, त्यानेच पेशव्यांच्या सरदाराचा बळी घेतला.

आठ लाखांचा शब्द

माल्कम या वेळी माळव्यात होता. २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूर येथे होळकरांच्या फौजेचा पराभव झाला, त्या लढाईत तो आघाडीवर होता. इकडे पुणे सोडलेला बाजीराव महिनोन् महिने पाठलाग चुकवीत भटकत राहिला आणि शेवटी अशीरगडच्या परिसरात कोंडला गेला. १८१८ च्या जूनमध्ये माल्कमने त्याची भेट घेतली. पेशवेपदावरचा हक्क कायमचा सोडावा, दक्षिणेत परत येऊ नये आणि त्याबदल्यात सालिना किमान आठ लाख रुपये तनखा घ्यावा, अशा अटी ठरल्या. ३ जून रोजी बाजीराव माल्कमच्या छावणीत दाखल झाला. तेथून त्याची रवानगी कानपूरजवळच्या बिठूरला झाली.

गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जला ही रक्कम अवाच्या सवा वाटली. माल्कमची बाजू अशी, की पावसाळा तोंडावर असताना युद्ध लांबले असते तर त्याचा खर्च याहून अधिक आला असता, आणि पदच्युत राजाला उदारपणे वागविण्यातच सरकारची अब्रू राहते. त्याने दिलेला शब्द कंपनीला अखेर मान्य करावा लागला. बाजीराव त्यानंतर बत्तीस वर्षे जगला. २८ जानेवारी १८५१ रोजी तो वारला, तेव्हा तनख्याची एकूण रक्कम अडीच कोटींच्या पुढे गेली होती. डलहौसीच्या सरकारने दत्तकपुत्र नानासाहेबांना तनखा नाकारला. १८५७ मध्ये कानपूरला पेटलेल्या वणव्यामागच्या कारणांत या नकाराची गणना होते.

पावसाळी राजधानी

माल्कमला मुंबईचे गव्हर्नरपद हवे होते. पण १८१९ मध्ये ते त्याच्याहून दहा वर्षांनी लहान असलेल्या एल्फिन्स्टनला मिळाले. त्याच्या मनाला हे लागले. १८२७ मध्ये, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी त्याची पाळी आली. पुढच्याच वर्षी त्याने फोर्डचा दापोडीचा बंगला सरकारसाठी घेतला. मुंबईत पावसाची झड लागली, की गव्हर्नर पुण्याच्या कोरड्या हवेत दापोडीला मुक्कामाला येऊ लागला. बंगल्याच्या आवारात १८२८ मध्येच वनस्पती उद्यान सुरू करण्यात आले. उन्हाळ्यासाठी महाबळेश्वर निवडले गेले. छत्रपती प्रतापसिंह महाराजांना दुसरे गाव देऊन ती जागा घेण्यात आली आणि तेथील पेठेला माल्कमचे नाव मिळाले. मुंबईत मलबार पॉइंटवर गव्हर्नरचे वास्तव्यही त्याच्याच काळात सुरू झाले.

त्याची कारकीर्द शांततेची नव्हती. मोरो रघुनाथ या पुण्यातील एका धनिक घराण्याच्या मुलाचा ताबा कोणाकडे असावा, या प्रश्नावरून सरकार आणि मुंबईचे सुप्रीम कोर्ट यांच्यात जुंपली. मुलाला हजर करण्याचा कोर्टाचा हुकूम माल्कमने पुण्यात अमलात येऊ दिला नाही. संतापलेले न्यायमूर्ती ग्रँट यांनी १८२९ मध्ये कोर्टाचे कामकाजच बंद केले. अखेर प्रिव्ही कौन्सिलने सरकारचा पक्ष उचलून धरला. तरीही कोर्टाचा हुकूम धुडकावणारा गव्हर्नर, ही टीका माल्कमच्या वाट्याला आली.

१० नोव्हेंबर १८३० रोजी त्याने बोरघाटातील गाडीरस्ता खुला केला. तोपर्यंत घाटातून माल बैलांच्या पाठीवरून आणि माणसांच्या डोक्यावरून जात असे. आता चाकाची गाडी पनवेलकडून थेट पुण्यापर्यंत येऊ लागली. महिन्याभरात माल्कमने मुंबई सोडली. मायदेशी तो काही काळ पार्लमेंटचा सभासद होता. ३० मे १८३३ रोजी लंडनमध्ये त्याचे निधन झाले. शिल्पकार चँट्री याने घडविलेला त्याचा पुतळा मुंबईच्या टाऊन हॉलमध्ये, म्हणजे एशियाटिक सोसायटीच्या इमारतीत आहे.

दापोडीच्या बंगल्यात त्याच्यामागून अनेक गव्हर्नर पावसाळा घालवून गेले. उद्यानाची सूत्रे १८३८ मध्ये डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांच्याकडे आली. तेच पुढे मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले. त्यांनी एका पोर्तुगीज-भारतीय चित्रकाराकडून वनस्पतींची दीडशेहून अधिक रंगीत चित्रे काढून घेतली. ही दापोडीची चित्रे आज एडिंबरोच्या शाही वनस्पती उद्यानात जतन केलेली आहेत. चित्रकाराचे नाव मात्र कोणी लिहून ठेवले नाही. अमेरिकेतील यादवीमुळे मुंबईत कापसाचा पैसा खेळू लागला, तेव्हा गव्हर्नर फ्रियर यांनी गणेशखिंडीत नवा प्रासाद बांधावयास घेतला. १८६५ मध्ये दापोडीचे उद्यान बंद झाले आणि गव्हर्नरांचा मुक्काम गणेशखिंडीकडे गेला. १९४९ मध्ये तो प्रासाद पुणे विद्यापीठाचा झाला.

फोर्ड, माल्कम, गिब्सन हे सारे दापोडीत काही काळ राहिले आणि निघून गेले. बाजीरावाला दिलेला शब्द त्याच्या मृत्यूबरोबर संपला. माल्कमच्या हातून झालेल्या कामांपैकी या परिसराला सर्वाधिक उपयोगी पडला तो घाटरस्ता. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला आणि मागोमाग चिंचवड, आकुर्डी, भोसरी येथे उद्योगांची रांग लागली. ती मुंबई आणि पुणे यांना जोडणाऱ्या याच वाटेच्या आधाराने. या रस्त्याने पुण्याकडे जाणारी वाहने आजही दापोडीवरूनच मुळा ओलांडतात. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी फोर्डची पलटण हीच नदी पार करून खडकीकडे गेली होती.